पर्यावरणाचे शब्द पाठ होतात पण कळत नाहीत, तर सुरुवात कुठून करायची?

प्रश्न थोडक्यात असा आहे: पर्यावरणशास्त्राचा कोर्स नुकताच सुरू केलाय, हातात दीड-दोनशे शब्दांची यादी आलीये, परिसंस्था, बीओडी, जैवसंचय, कार्बन फूटप्रिंट वगैरे, व्याख्या पाठ होतात पण एखादी बातमी किंवा टेस्ट रिपोर्ट समोर आला की काहीच सुधरत नाही. मग यातले पायाचे शब्द कोणते, सुरुवात कुठून करायची, आणि शब्द मराठीतून शिकायचे की इंग्रजीतून.

मी बावीस वर्षं पाणी तपासणीच्या लॅबमध्ये आणि सांडपाण्याच्या प्लँटवर काम करतेय, दरवर्षी नवीन मुलंमुली येतात आणि जवळपास सगळ्यांची हीच अडचण असते. बीओडीची व्याख्या विचारा, घडाघडा सांगतात, पण बीओडी ३० आला तर काय आणि ३०० आला तर काय हे विचारलं की गप्प. यात त्यांची चूक नाही, शिकवताना शब्द आधी येतो आणि मोजणं नंतर कधीतरी येतं, किंवा येतच नाही. प्रत्यक्षात झालंय उलटं, आधी कुणाला तरी काहीतरी मोजावं लागलं आणि मग त्याला नाव पडलं. म्हणून माझं सांगणं एकच, शब्द समोर आला की व्याख्येकडे नंतर जा, आधी त्याला विचारा की हे कशाचं मोजमाप आहे, कुठपर्यंतच्या हद्दीतलं आहे, आणि किती वेळातलं आहे. एवढं कळलं की व्याख्या तुमची तुम्हालाच लिहिता येते.

बीओडीपासूनच सुरू करू, कारण हा शब्द मी हजारो वेळा हाताखालून घातलाय. पुस्तकात लिहिलेलं असतं की पाण्यातल्या सेंद्रिय पदार्थांचं विघटन करायला जिवाणूंना लागणारा ऑक्सिजन. बरोबर आहे, पण डोळ्यासमोर काहीच येत नाही. आता लॅबमध्ये काय करतो ते बघा. ३०० मिलिलिटरची काचेची बाटली असते, घासून बसवलेलं काचेचं बूच, तोंडाशी पाण्याचं सील, आत हवेचा एक बुडबुडासुद्धा राहता कामा नये. घरगुती सांडपाण्याचं सॅम्पल असेल तर त्यातलं फक्त ६ मिलिलिटर घालायचं आणि बाकी बाटली ऑक्सिजनने भरपूर भरलेल्या डायल्युशन वॉटरने भरायची, म्हणजे सॅम्पल पन्नास पट पातळ झालं. अशा दोन बाटल्या. एकीतला विरघळलेला ऑक्सिजन लगेच मोजायचा, दुसरी २० अंशांच्या इनक्युबेटरमध्ये ५ दिवस अंधारात ठेवायची. अंधार कशाला, तर आत शेवाळाचे कण असतील तर उजेडात ते ऑक्सिजन तयार करतील आणि सगळा हिशोब बिघडेल. मोजताना मँगनीज सल्फेट आणि अल्कलीचं द्रावण सोडलं की बाटलीत तपकिरी साका ढगासारखा खाली उतरतो, साका पांढराच राहिला तर समजायचं की ऑक्सिजन शिल्लकच नाही. मग ॲसिड, पिवळसर रंग, थायोसल्फेटचं टायट्रेशन, स्टार्च टाकला की निळं, आणि एका थेंबाला निळा रंग गायब. ही विंकलर पद्धत १८८८ ची आहे आणि आता प्रोब आले तरी शिकणाऱ्याने एकदा तरी हाताने करावी असं मला मनापासून वाटतं, कारण पाण्यात ऑक्सिजन असतो हे त्या तपकिरी ढगाशिवाय पटत नाही.

समजा पहिल्या बाटलीत ८.२ मिलिग्रॅम प्रति लिटर आला, पाच दिवसांनी दुसरीत ४.० उरला. फरक ४.२, गुणिले ५०, बीओडी २१० मिलिग्रॅम प्रति लिटर. आता विचार करा, २० अंशांच्या स्वच्छ पाण्यात एका लिटरमध्ये जास्तीत जास्त ९ मिलिग्रॅमच्या आसपास ऑक्सिजन विरघळतो आणि या सांडपाण्याच्या एका लिटरला २१० हवाय. म्हणजे हे पाणी तसंच नदीत सोडलं तर एक लिटर सांडपाणी वीस-पंचवीस लिटर नदीतला ऑक्सिजन खाऊन टाकेल, हवेतून नवीन येईपर्यंत. हा हिशोब एकदा स्वतः केला की बीओडी म्हणजे घाण नव्हे, बीओडी म्हणजे घाणीने पाण्यावर काढलेली उधारी, हे डोक्यात पक्कं बसतं.

आणि पाचच दिवस का? ब्रिटनमधल्या सांडपाण्याच्या रॉयल कमिशनने १९१२ च्या अहवालात पाच दिवसांची टेस्ट धरली, तिथल्या नद्यांचं पाणी साधारण तेवढ्या दिवसांत समुद्राला मिळतं हा विचार त्यामागे सांगितला जातो. गरम हवेच्या ठिकाणी २७ अंशांना ३ दिवस अशीही पद्धत आहे, कारण गरमीत जिवाणू भराभर खातात. पाच दिवसांत विघटन संपतं असं अजिबात नाही, घरगुती सांडपाण्यात तोवर दोन-तृतीयांशच्या आसपास होतं. म्हणून रिपोर्टवर बीओडीपुढे दिवस आणि तापमान लिहिलेलं नसेल तर तो आकडा अर्धवट आहे, तो दुसऱ्या रिपोर्टशी ताडून बघू नका.

सीओडी याचाच भाऊ, फक्त इथे जिवाणूंऐवजी डायक्रोमेट आणि सल्फ्युरिक ॲसिड वापरतात, १५० अंशांना दोन तास. रसायन जवळपास सगळंच जाळून टाकतं, जिवाणूंना जे पचतं तेही आणि पचत नाही तेही. त्यामुळे सीओडी नेहमी बीओडीपेक्षा मोठा येतो आणि दोघांचं गुणोत्तर खूप काही बोलतं. बीओडी सीओडीच्या अर्ध्याच्या आसपास किंवा जास्त असेल तर पाणी जिवाणूंच्या हवाली करता येतं, दहाव्या हिश्श्यावर आला तर आत काहीतरी न पचणारं नाहीतर विषारी आहे. मला एकदा एका प्लँटच्या शेवटच्या टाकीचा रिपोर्ट आला, बीओडी ४ आणि सीओडी १८०. सगळे खूश होते. मला तो ४ पटेना म्हणून मी सॅम्पल परत घेतलं तेव्हा कळलं की क्लोरीन टाकल्यानंतरचं पाणी भरलं होतं आणि त्यात उरलेला क्लोरीन काढलाच नव्हता, बाटलीतले जिवाणूच मेलेले, मग ऑक्सिजन खाणार कोण. क्लोरीन काढून, नवीन जिवाणू सोडून परत लावलं तर ४६ आला. आकडा छोटा म्हणजे पाणी चांगलं असं होत नाही.

विरघळलेल्या ऑक्सिजनचा, म्हणजे डीओचा, विषय निघालाच आहे तर वेळेचं महत्त्व सांगते. हिरव्या शेवाळाने भरलेल्या तळ्यात दुपारी दोनला डीओ मोजला तर १२-१४ पण येऊ शकतो, म्हणजे पाण्यात मुरू शकतो त्याहूनही जास्त, कारण उन्हात शेवाळ जोरात ऑक्सिजन सोडतं. त्याच तळ्यात पहाटे, उजाडायच्या जरा आधी मोजा, २ च्या खाली गेलेला असू शकतो, कारण रात्रभर शेवाळ, मासे, जिवाणू सगळे नुसता श्वास घेत असतात आणि नवीन तयार होत नाही. मासे मरून तरंगलेले लोकांना सकाळीच दिसतात ते यामुळे. दुपारी सॅम्पल घेऊन कुणी तळं उत्तम आहे म्हणाला तर तो खोटं बोलत नसतो, फक्त चुकीच्या वेळी गेलेला असतो. ग्रॅब सॅम्पल आणि कंपोझिट सॅम्पल हे दोन शब्द तुमच्या यादीत असतील, त्यातला फरक हाच. एकदाच बुडवून घेतलं ते ग्रॅब, दिवसभर ठराविक वेळांनी थोडं थोडं घेऊन एकत्र केलं ते कंपोझिट. पण कंपोझिटमध्ये सरासरी मिळते आणि पहाटेचा तो खड्डा दिसत नाही, म्हणून डीओ कंपोझिटवर कधीच करत नाहीत, जागेवरच मोजतात.

आता हद्दीचा प्रश्न. परिसंस्था हा शब्द ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञ टान्सली यांनी १९३५ मध्ये आणला. तोवर लोक प्राणी वेगळे, झाडं वेगळी, माती-पाणी वेगळं असं बोलायचे, त्यांनी सांगितलं की सजीव आणि त्यांच्या भोवतालचं निर्जीव हे मिळून एक यंत्रणा धरा. पण यंत्रणा म्हटलं की कडा आखाव्या लागतात आणि त्या आपण आखतो. डबकं परिसंस्था आहे, जंगल आहे, महासागर आहे, कुजणारं एक लाकडाचं ओंडकंसुद्धा आहे. कडा कुठे आखली त्यावर आत काय येतं आणि बाहेर काय जातं ते ठरतं. पर्यावरण हा शब्द याहून सैल आहे, कुणाच्या तरी भोवतीचं सगळं म्हणजे पर्यावरण, त्यामुळे पर्यावरण म्हटलं की मध्यभागी कोण आहे ते विचारायचं. माशाचं पर्यावरण वेगळं आणि त्याच पाण्यातल्या शेवाळाचं वेगळं. आणि परिस्थितिकी, म्हणजे इकॉलॉजी, हे शास्त्राचं नाव आहे, जर्मन शास्त्रज्ञ हेकेल यांनी १८६६ मध्ये ग्रीक ओइकोस म्हणजे घर यावरून केलेलं. तेव्हा इकॉलॉजी बिघडली असं म्हणू नये, बिघडते ती परिसंस्था.

मला सगळ्यात जीव लावून शिकवावासा वाटतो तो भाग म्हणजे अन्नसाखळी, कारण इथे दोन शब्द येतात ज्यांची लोक कायम गल्लत करतात, जैवसंचय आणि जैवविशालन. अमेरिकन शास्त्रज्ञ लिंडेमन यांनी १९४२ मध्ये एका छोट्या तळ्यातल्या ऊर्जेचा हिशोब मांडला, त्यातून पुढे दहा टक्क्यांचा ढोबळ नियम रूढ झाला, म्हणजे एका पायरीवरून वरच्या पायरीवर साधारण दहावा हिस्साच ऊर्जा पोचते. बाकीची हालचालीत, श्वासात, उष्णतेत जाते. नियम ढोबळच आहे, कुठे ५ कुठे २०, पण चित्र बरोबर आहे. आता हाच पिरॅमिड पाऱ्याच्या नजरेने बघा. मोठ्या माशाला एक किलो वाढायला समजा दहा किलो छोटे मासे खावे लागले. त्या दहा किलोतली ऊर्जा बहुतेक जळून गेली, पण त्यातला मिथिल मर्क्युरी जळत नाही, बाहेरही फार हळू पडतो, तो मांसात प्रथिनांना धरून बसतो. म्हणजे दहा किलोतला पारा एका किलोत गोळा झाला. पुढची पायरी, परत तेच. एकाच प्राण्याच्या शरीरात आयुष्यभर विष साठत जातं तो जैवसंचय, आणि साखळीत पायरीगणिक त्याचं प्रमाण वाढत जातं ते जैवविशालन. पहिल्यात वेळ मोजायचा, दुसऱ्यात पायऱ्या मोजायच्या. जपानमधल्या मिनामाताला १९५६ मध्ये पाऱ्याच्या विषबाधेचा आजार अधिकृतपणे नोंदवला गेला तेव्हा खाडीचं पाणी प्यायल्याने कुणी आजारी पडलं नव्हतं, तिथले मासे खाल्ल्याने पडलं होतं. मांजरंसुद्धा वेड्यासारखी करून मेली. म्हणून नुसतं पाणी तपासून पारा मर्यादेत आहे असं कुणी म्हणालं की मी विचारते, माशात किती आहे?

आणि एक, डीडीटीसारखी विषं चरबीत साठतात पण मिथिल मर्क्युरी मांसात असतो, त्यामुळे माशाची चरबी काढून टाकली की पारा गेला हा समज चुकीचा आहे. विष कुठल्या ऊतीत बसतं हे विचारायची सवय ठेवा.

सुपोषण हा शब्द मला फार फसवा वाटतो. नाव ऐकून वाटतं काहीतरी पौष्टिक, आणि मूळ ग्रीक शब्दाचाही अर्थ तसाच, चांगलं पोषण. पण तळ्यात नत्र-स्फुरद जास्त आलं की शेवाळ माजतं, पाणी हिरवंगार होतं, शेवाळ मरून तळाशी जातं, ते कुजवताना जिवाणू ऑक्सिजन संपवतात आणि खालचं पाणी निर्जीव होतं. म्हणजे विष नाही, खतच, पण जास्तीचं. नत्र की स्फुरद यावर पूर्वी बरीच भांडणं झाली, कॅनडात १९७३ मध्ये शिंडलर यांच्या टीमने एक लहान सरोवर मध्ये पडदा टाकून दोन भागांत तोडलं, दोन्हीकडे कार्बन आणि नत्र घातलं, एकाच भागात स्फुरद पण घातलं. स्फुरदवाला भाग हिरवा झाला, पडद्यापलीकडचा तसाच राहिला. मर्यादक घटक म्हणजे काय हे समजायला वरून काढलेला तो एक फोटो पुरतो, एका बाजूला गडद पाणी आणि एका बाजूला हिरवा रंग. समुद्रकिनाऱ्याजवळ मात्र बऱ्याचदा नत्र मर्यादक ठरतं, त्यामुळे एका सरोवराचं उत्तर सगळीकडे लावू नका.

जैवविविधतेबद्दल एवढंच लक्षात ठेवा की प्रजातींची नुसती मोजदाद म्हणजे जैवविविधता नाही. दोन ठिकाणी प्रत्येकी १०० झाडं आणि १० जाती आहेत. एका ठिकाणी प्रत्येक जातीची १०, दुसऱ्या ठिकाणी एकाच जातीची ९१ आणि बाकी नऊ जातींचं एकेक. यादी केली तर दोन्ही सारखी दिसतात, पण जाऊन उभं राहिलं की दुसऱ्या ठिकाणी तुम्हाला एकच झाड दिसतं. त्याशिवाय एका जातीच्या आतली जनुकीय विविधता आणि वरती परिसंस्थांची विविधता असे आणखी दोन थर आहेत. विदेशी आणि आक्रमक हेही वेगळे शब्द आहेत. बाहेरून आलेली प्रत्येक वनस्पती आक्रमक नसते, जी पसरून मूळच्यांची जागा खाते ती आक्रमक, जसं जलपर्णी, मूळची दक्षिण अमेरिकेतली आणि आता जगभरच्या संथ पाण्यावर.

कीस्टोन प्रजाती हा शब्द रॉबर्ट पेन यांचा. त्यांनी अमेरिकेच्या पॅसिफिक किनाऱ्यावर खडकांच्या एका पट्ट्यातून समुद्रतारे उचलून लांब टाकले, परत परत, आणि शेजारचा पट्टा तसाच ठेवला. समुद्रतारे गेले तसे शिंपले माजले, त्यांनी सगळी जागा व्यापली आणि १५ प्रजातींच्या ८ उरल्या. समुद्रतारे संख्येने काही फार नव्हते. कमानीच्या माथ्यावरचा दगड इतरांपेक्षा मोठा नसतो, पण काढला की कमान कोसळते, नाव तिथून आलंय. आता वर्तमानपत्रात प्रत्येक मोठ्या प्राण्याला कीस्टोन म्हणतात, ते तपासून बघा, काढून टाकल्यावर काय होतं याचा पुरावा असेल तरच तो शब्द लावायचा.

धारणक्षमता म्हणजे एखादी जागा जास्तीत जास्त किती जीव कायम पोसू शकते ते, तिचं उदाहरण म्हणून मी कायम सेंट मॅथ्यू बेटाचं सांगते. बेरिंग समुद्रातलं बेट, १९४४ मध्ये २९ रेनडियर सोडले, शिकारी प्राणी कुणीच नाही, खायला दगडफुलाचा जाड थर. १९६३ पर्यंत ६००० झाले. दगडफूल फार हळू वाढतं, तो थर संपला, त्यातच एक भयंकर हिवाळा आला आणि १९६६ मध्ये मोजले तर ४२. इथे साठा आणि ओघ यातला फरक दिसतो, आणि मला विचाराल तर अख्ख्या पर्यावरणशास्त्रात हीच जोडी सगळ्यात पायाची आहे. दगडफुलाचा थर हा साठा होता, वर्षाला नवीन किती उगवतं तो ओघ. रेनडियर जगत होते साठ्यावर आणि सगळं छान चाललंय असं वाटायचं, कारण पोट भरत होतं.

हीच जोडी हवामानाच्या शब्दांना लावा, निम्मा गोंधळ तिथेच मिटतो. हवेतला कार्बन डायऑक्साइड ४२० पीपीएमच्या वर गेलाय म्हणतात, तो साठा. दरवर्षी इतके टन उत्सर्जन, तो ओघ. हौदात पाणी पडतंय, नळ थोडा बारीक केला तरी हौद भरतच राहतो, फक्त हळू. उत्सर्जन कमी झालं आणि तरी पीपीएम वाढला अशी बातमी आली की लोक म्हणतात कुठेतरी खोटं आहे, खोटं काही नाही, दोन वेगळ्या गोष्टी मोजल्या आहेत. नेट झिरो म्हणजे आत पडणारं आणि बाहेर जाणारं सारखं, हौद रिकामा नाही. औद्योगिक क्रांतीच्या आधी हा आकडा २८० च्या आसपास होता, आणि हवाईतल्या मौना लोआ डोंगरावर १९५८ पासून सलग मोजमाप आहे म्हणून आपण हे बोलू शकतो. पीपीएमबद्दलही सांगून ठेवते, पाण्यातला पीपीएम म्हणजे ढोबळमानाने मिलिग्रॅम प्रति लिटर, हवेतला पीपीएम म्हणजे दहा लाख रेणूंत किती रेणू. शब्द एकच, मोजमाप दोन.

टन वाचताना पण जपून. टन कार्बन आणि टन कार्बन डायऑक्साइड यात ३.६७ पटींचा फरक आहे, कार्बनचा अणुभार १२ आणि कार्बन डायऑक्साइडचा रेणुभार ४४ असल्यामुळे. मी शिकलेल्या लोकांच्या रिपोर्टमध्ये ही चूक बघितलीये आणि त्यावर निर्णय झालेले बघितलेत. मिथेनचं तसंच, एक टन मिथेन म्हणजे २८ टन कार्बन डायऑक्साइड म्हणतात तेव्हा तो १०० वर्षांचा हिशोब असतो, २० वर्षांचा धरला तर ८० च्या वर जातो, कारण मिथेन तापवतो जोरात पण हवेत टिकतो साधारण १२ वर्षं. दोन्ही आकडे खरे आहेत, कोण कुठला वापरतंय ते बघायचं.

तंत्रज्ञानाच्या शब्दांत किलोवॅट आणि किलोवॅट-तास हे पहिले नीट करा. किलोवॅट म्हणजे वेग, किलोवॅट-तास म्हणजे एकूण किती, ज्याला आपण युनिट म्हणतो. ५ किलोवॅटचं सोलर चोवीस तासांत १२० युनिट देईल असं गणित मांडणारे भेटतात, दिवसाला वीसच्या आसपास मिळाले तरी चांगलं काम करतंय. तसंच एक्यूआयला एकक नसतं, तो हवेच्या गुणवत्तेचा निर्देशांक आहे, बऱ्याच देशांच्या पद्धतीत वेगवेगळ्या प्रदूषकांपैकी जो सगळ्यात वाईट असतो त्याचाच आकडा एक्यूआय म्हणून येतो, सरासरी नव्हे, आणि प्रत्येक देशाच्या पट्ट्या वेगळ्या म्हणून दोन देशांचे एक्यूआय शेजारी ठेवू नका, पीएम २.५ चे, म्हणजे हवेतल्या बारीक कणांचे, मायक्रोग्रॅम ठेवा. पीएम २.५ मधला २.५ हा कणाचा मायक्रॉनमधला जास्तीत जास्त आकार आहे, केसाच्या जाडीच्या साधारण पंचविसाव्या-तिसाव्या हिश्श्याएवढा, प्रदूषणाची पातळी नाही. हे सांगावं लागतं कारण २.५ म्हणजे कमीच आहे की असं मला विचारलं गेलंय.

बायोडिग्रेडेबल हा शब्द दिसला की किती वेळात आणि कुठे हे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका. लाकूडही कुजतं, वर्षं लागतात. कंपोस्टेबल लिहिलेलं पीएलए प्लास्टिक ५८ अंशांच्या आसपास तापलेल्या मोठ्या कंपोस्ट प्लँटमध्ये काही महिन्यांत जातं, पण तेच थंड समुद्राच्या पाण्यात पडलं तर कित्येक वर्षं तसंच राहू शकतं. कप तोच, जागा बदलली.

आता मराठी की इंग्रजी. माझं मत असं की मोजमापाचे शब्द इंग्रजीच ठेवा, बीओडी, डीओ, पीपीएम, कारण रिपोर्टवर तेच छापलेले असतात आणि त्यांचं भाषांतर करून कामाला काही येत नाही. काही मराठी शब्द तर सावधपणे वापरावे लागतात. हवामान हा त्यातला मोठा, आजचं हवामान कसंय असंही आपण म्हणतो आणि हवामान बदल असंही, पहिल्यात आजची हवा आहे आणि दुसऱ्यात साधारण ३० वर्षांची सरासरी, त्यामुळे एक थंड आठवडा आला की वाद सुरू होतात. मी शिकवताना आजच्याला हवा म्हणते आणि हवामान फक्त लांबच्या सरासरीला ठेवते. अनुकूलनही दोन ठिकाणी येतं, पिढ्यान्पिढ्या प्राण्यात होणारा बदल आणि पुराच्या भीतीने माणसाने घर उंचावर बांधणं.

पण प्रक्रियांचे शब्द मात्र आपले घ्या, ते इतके बारीक आहेत की मला पुस्तकातल्या शब्दांपेक्षा जास्त उपयोगी पडतात. पाणी जमिनीत मुरतं, खाली झिरपतं, दुसरीकडे पाझरतं, आणि उरलेलं वाहून जातं, चार वेगळ्या घटना आहेत आणि जलचक्राचा निम्मा धडा यातच आहे. तसंच आंबणं, कुजणं आणि सडणं. प्लँटवर नवीन आलेल्यांना मी एरेशन टाकीतला, म्हणजे जिथे पाण्यात हवा सोडतात तिथला, गाळ बरणीत देते आणि हवा न मिळालेल्या खड्ड्यातला गाळ दुसऱ्या बरणीत. पहिला तपकिरी असतो, त्याला ओल्या मातीचा वास येतो, तो कुजतोय, म्हणजे ऑक्सिजन आहे. दुसरा काळाकुट्ट, झाकण उघडलं की सडक्या अंड्याचा वास, तो सडलाय, तिथे ऑक्सिजन नाही आणि हायड्रोजन सल्फाइड तयार झालाय. एरोबिक आणि ॲनेरोबिक हे शब्द मी त्या बरण्या बंद केल्यावर सांगते, आणि झाकण लगेच लावायला सांगते, कारण तो वायू विषारी आहे आणि जास्त झाला की नाकाला त्याचा वास येणंच बंद होतं.